विळा आणि हिरवळ

औंढा नागनाथाचे देऊळ पाहावयास जाणारा यात्रेकरू प्रथम बाहेरच्या भिंतींवरील काळ्या दगडातील शिल्प पाहतो, मग अरुंद पायऱ्या उतरून तळघरासारख्या गाभाऱ्यात जातो, आणि तो वर आला म्हणजे कोणी ना कोणी त्यास विसोबा खेचरांची गोष्ट सांगतोच. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांस तो प्रकार सहन झाला नाही. तेव्हा म्हाताऱ्या विसोबांनी त्यांस एवढेच सुचविले की, जेथे देव नसेल अशी जागा पाहून तूच माझे पाय तेथे नेऊन ठेव. नामदेवांनी पाय उचलून जेथे जेथे ठेवले तेथे तेथे पिंड उभी राहिली. कथा भक्तीची आहे आणि ती तशीच ऐकावी. परंतु प्रस्तुत लेखात तिचे स्मरण एका अगदी ऐहिक विषयासाठी करावे लागत आहे. तो विषय म्हणजे गवत कापण्याची हत्यारे, आणि ती कोणत्या पदार्थांची असावीत हा प्रश्न.

गवत कापण्यात कसला आला इतिहास, असे एखादा रसिक वाचक विचारील. पण ज्यांच्या घरापुढे चार हात हिरवळ आहे, किंवा ज्यांच्या मुलांच्या शाळेस मैदान आहे, त्यांस सांप्रत बाजारात एक नवे विशेषण भेटते. यंत्र ‘पर्यावरणपूरक’ आहे, त्याची दोरी मातीत विरणारी आहे, त्यास पेट्रोल लागत नाही, असे विक्रेता सांगतो. हे विशेषण खरे की पोकळ, याचा निवाडा विक्रेत्याच्या शब्दावर करता येत नाही. माणसाची परीक्षा करताना त्याचे कूळ पाहू नये हे खरे. हत्याराची परीक्षा करताना मात्र त्याचे कूळ पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. लोखंड कोठून आले, दांडा कोणत्या झाडाचा, मोडल्यावर ते कोणी सांधले आणि अखेर त्याची माती झाली की कचरा झाला, एवढे कळले म्हणजे विशेषणाचा खरेखोटेपणा आपोआप कळतो.

औंढ्याच्या परिसरात नदीकाठी काळी, भारी जमीन आहे आणि टेकड्यांच्या उतारावर मुरमाड माळ. या माळांवर पावसाळ्यात पवन्या, मारवेल आणि कुसळी वाढते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते गवत पिवळसर झाले की विळ्याने कापावे, पेंढ्या बांधाव्यात, गंजी रचावी आणि उन्हाळ्यात जनावरांपुढे टाकावे, हा मराठवाड्याचा जुना क्रम. येथे गवत कापणे म्हणजे वैरण साठविणे. गवत केवळ डोळ्यांच्या सुखासाठी एकसारखे आखूड राखावे, ही कल्पना या भूमीत उपजलेली नाही. मौज अशी की, ज्या गवताची आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हिरवळ करतात ती हरळीच होय. गणपतीस ती दूर्वा म्हणून प्रिय, शेतकऱ्यास तण म्हणून अप्रिय, आणि बंगल्याच्या धन्यास ती शोभा म्हणून हवी.

विळ्याचा वंश फार जुना आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे जे उत्खनन केले, त्यात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तांबे त्यांस ठाऊक होते, पण ते दुर्मिळ. म्हणून रोजच्या कापाकापीस गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक, धारदार पाती ते वापरीत. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसविली की विळा तयार होई. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत हा दगड विपुल सापडतो. दगड माळावरचा, लाकूड रानातले, चिकटवावयास झाडाचा डिंक! पदार्थांच्या दृष्टीने यापेक्षा निरुपद्रवी हत्यार माणसाने पुन्हा केले नाही.

त्यानंतर लोखंड आले. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची जी भट्टी सापडली ती अडीच हजार वर्षांहून अधिक जुनी मानतात. पुढे तर दख्खनचे पोलाद जगात नावाजले. आजच्या तेलंगणातील निर्मळ आणि कोनसमुद्रम् या भागात मुशीत बंद करून जे पोलाद बनवीत, ते नेण्यासाठी इराणी व्यापारी येत. आणि अशाच हिंदी पोलादाच्या तुकड्यांवर लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने १८१९ पासून काही वर्षे प्रयोग केले. हा आपला अभिमानाचा विषय आहे यात शंका नाही. तथापि या अभिमानाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. हे सर्व लोखंड लाकडाच्या कोळशावर गाळलेले होते. जुन्या रीतीने एक मण कोळसा करावयास चार-सहा मण लाकूड जाळावे लागे, आणि लोखंड काढावयास त्याच्या वजनाच्या कित्येक पट कोळसा लागे. इंग्लंडातही हीच अडचण होती. तेथे १७०९ मध्ये अब्राहम डार्बी याने कोलब्रुकडेल येथे दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखविले, तेव्हा रानावरचा भार हळूहळू हलला आणि खाणीवर व आकाशावर पडला. म्हणजे ‘जुने ते सगळे निसर्गाच्या स्नेहाचे’ हे म्हणणे अर्धेच खरे. विळ्याच्या पात्यातही एक जळलेले रान असतेच.

मग गावच्या विळ्याचे श्रेष्ठत्व कशात? ते त्याच्या पुढच्या आयुष्यात आहे. गावचा लोहार किंवा गावोगाव हिंडणारा घिसाडी आपला भाता मांडतो आणि मोडक्या गाडीच्या कमानीचा पाटा तापवून, ठोकून त्याचा विळा करतो. पूर्वी बैलगाडीच्या चाकाची धाव अशीच उपयोगास येई. लोखंड एकदाच गाळले जाते, पण त्याचे जन्म अनेक होतात. मूठ बाभळीची, नाहीतर धावड्यासारख्या चिवट लाकडाची. ती फुटली तर सुतार नवी बसवितो आणि जुनी चुलीत जाते. मुठीस जवसाचे तेल चोळले की लाकूड तडकत नाही. धार गेली तर दगडावर घासावी. पाते झिजून बोटभर उरले तरी त्याचे खुरपे होते. या व्यवहारात टाकून देणे ही क्रियाच जवळजवळ नाही. ‘पर्यावरणपूरक पदार्थ’ म्हणून आज जे शोधले जात आहे त्याचे तीन गुण येथे आढळतात : पदार्थ जवळचा आहे, दुरुस्ती गावात होते आणि शेवट मातीत किंवा पुन्हा भट्टीत होतो.

येथे विळ्याची स्तुती संपवून एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. औंढ्यापासून काही कोसांवर असलेले हिंगोली हे गाव एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे मोठे ठाणे होते. १९०३ मध्ये ती फौज तेथून उठली. या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे. त्या पद्धतीत स्वाराने घोडा आणि सरंजाम आपला आणावयाचा, आणि सामान्यतः दोन स्वारांनी मिळून एक तट्टू व एक घासकाप्या ठेवावयाचा, असा प्रघात होता. पलटणीत जितके स्वार, त्यांच्या निम्मे लोक केवळ गवत आणण्यासाठी! हा घासकाप्या पहाटे तट्टू घेऊन माळावर जाई, खुरप्याने हरळी मुळासकट खरवडून काढी, झटकून भारा बांधी आणि परत येई. इतिहासाच्या ग्रंथांत स्वारांच्या शौर्याची वर्णने आढळतात; ज्याच्या खुरप्यावर त्या घोड्यांचे पोट चाले त्याचे नावही आढळत नाही. त्याचे हत्यार निसर्गास सौम्य होते. पण त्याच्या पाठीस ते सौम्य होते असे कोण म्हणेल? आजही भाद्रपद-आश्विनात बांधावर दिवसभर वाकून गवत कापणाऱ्या बायांची कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. लाकूड, लोखंड, तेल या सगळ्यांचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ जर मणक्याचा हिशेब सोडून देईल, तर त्याची खतावणी अपुरी राहील.

गवत कापण्याचे यंत्र जन्मास आले ते मात्र या मणक्यांच्या कळवळ्याने नव्हे. इंग्लंडातील सरदार-जमीनदारांच्या वाड्यांपुढे विस्तीर्ण हिरवळी असत. त्या मेंढ्यांकडून चारवून किंवा लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने कापून राखीत. आणि ओले गवत चांगले कापले जाते म्हणून हे काम पहाटे दव असतानाच करावे लागे. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड गावानजीक एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या पुष्कळ. कापडावर उठलेली लव एकसारखी कातरण्यासाठी गिरणीत फिरत्या पात्यांचे यंत्र असे. जे यंत्र कापडाची लव कातरते ते जमिनीची लव का कातरणार नाही, हा विचार बडिंग यास सुचला आणि १८३० मध्ये त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पाती वळसेदार, एका नळकांड्याभोवती बसविलेली. रुंदी १९ इंच. सांगाडा आणि दातेरी चाके लोखंडाची. ते इतके जड होते की एकाने मागून ढकलावे आणि दुसऱ्याने पुढून ओढावे अशी दुहेरी सोय ठेवावी लागली. पेटंटच्या कागदात बडिंगने असेही सुचविले होते की, खेड्यातील सभ्य गृहस्थांस हे यंत्र चालविणे हा एक आरोग्यदायक व्यायाम वाटेल. घासकाप्याची मजुरी ती गृहस्थाचा व्यायाम कशी ठरते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

१८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स या कारखान्याने ही यंत्रे करण्याचा परवाना घेतला. पुढे तट्टाने ओढण्याची मोठी यंत्रे निघाली. तट्टाच्या खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्यास चामड्याचे जोडे घालीत. १८९३ मध्ये वाफेवर चालणारे यंत्र निघाले आणि १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले. याच सुमारास लॉर्ड कर्झन याने ताजमहालाच्या बागेस इंग्रजी हिरवळीचे वळण दिले, आणि पुढे तेथे विलायती यंत्रास बैल जोडलेले दिसू लागले. लोखंड इंग्लंडचे, रीत इंग्लंडची; ओढणारा मात्र कडब्यावर पोसलेला बैल! तेल नाही, धूर नाही, आणि बैलाचे शेण परत जमिनीस. पदार्थ आणि शक्ती यांचा हा योग काही अगदीच त्याज्य नव्हता.

नव्या पदार्थाकडे आपले लोक कोणत्या दृष्टीने पाहतात, याचा एक बोधप्रद दाखला महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावास कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी नांगर घेईनात. लोखंडाने जमिनीस विष चढते, अशी त्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली म्हणतात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि त्याच नांगरास महाराष्ट्रभर मागणी आली. पहिल्या महायुद्धात बीड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले, असे सांगतात. विषाची समजूत चुकीची होती, आणि तिला हसणेही सोपे आहे. परंतु ‘हा पदार्थ माझ्या मातीस काय करील?’ हा जो प्रश्न त्या अडाणी म्हणविलेल्या शेतकऱ्याने विचारला, तो प्रश्न चुकीचा नव्हता. पुढे प्लॅस्टिक आले तेव्हा हा प्रश्न शिकलेल्यांनीही विचारला नाही, हे आपले दुर्दैव.

नायलॉनचा शोध १९३५ मध्ये अमेरिकेत लागला. १९७१ मध्ये ह्यूस्टन येथील जॉर्ज बॅलस या गृहस्थास मोटारी धुण्याच्या यंत्रातील फिरते ब्रश पाहून एक कल्पना सुचली. त्याने डब्यास मासे धरण्याची दोरी ओवून ती वेगाने फिरविली आणि तिने गवत छाटले. आज आपल्या गावोगाव खांद्याला अडकवून चालविले जाणारे जे ‘ग्रासकटर’ दिसतात, त्यांतील पुष्कळांस ही दोरी असते. दोरी दगडावर, मुळांवर आपटून झिजते, म्हणजेच तिचे बारीक कण मातीत पडतात आणि तेथेच राहतात. गारगोटीचे पातेही झिजत असे. पण त्याचे कण म्हणजे मातीच. लहान पेट्रोल इंजिनाच्या धुराविषयी तर कॅलिफोर्निया राज्याच्या हवाविभागाचा हिशेब असा की, धंद्यासाठी वापरले जाणारे गवतकापणीचे यंत्र एक तास चालविले तर धुरके निर्माण करणारी जितकी घाण बाहेर पडते, तितकी आधुनिक मोटार सुमारे ३०० मैल चालविली असता पडते. त्या राज्याने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून अशी बहुतेक नवी लहान इंजिने धूरविरहित असलीच पाहिजेत असे ठरविले.

धूर गेला, पण विजेच्या संचात लिथियम आले, कित्येकांत कोबाल्टही. लिथियमचा मोठा भाग चिलीच्या वाळवंटासारख्या दूरच्या प्रदेशांतून येतो आणि कोबाल्टचा बराचसा काँगोच्या खाणींतून. भार हलला, नाहीसा झाला नाही. तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण काही पदार्थ आपल्या दारातच आहेत. अंबाडीची भाजी आणि अंबाडीचे दोर मराठवाड्यात कोणास ठाऊक नाहीत? त्याच जातीच्या वाखाचा उपयोग जपानी मोटारींच्या दारांच्या आतील आच्छादनात केला गेला आहे. जे मोटारीस चालते ते यंत्राच्या आवरणास चालण्यास हरकत दिसत नाही. वंगणास एरंडेल आणि मुठीस जवसाचे तेल हे तर आजोबांच्या काळचेच उपाय. दोरीऐवजी पोलादी पाते, आणि लहान अंगणास हाताने ढकलण्याचे बडिंगच्या वंशातील साधे यंत्र पुरते. ते गावच्या कारागिरास उघडता येते, धार लावता येते, आणि ते उभ्याने चालविता येते म्हणून कमरेसही बरे. शेताच्या बांधासाठी ‘वैभव’ या नावाने ओळखला जाणारा हलका, दातेरी विळा आहेच. शेवटी कसोट्या चारच : पदार्थ जवळचा आहे काय, दुरुस्ती होते काय, शेवट मातीत किंवा भट्टीत होतो काय, आणि ते हत्यार धरणाऱ्याच्या देहास सोसवते काय? पहिल्या तिन्हींत आपला जुना विळा उत्तीर्ण होतो, चौथीत अडखळतो. नवी यंत्रे चौथीत उत्तीर्ण होतात आणि पहिल्या तिन्हींत पुष्कळदा नापास.

या चार कसोट्यांच्याही आधीचा एक प्रश्न राहतो : हिरवळ हवीच काय? २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. कारण मैदानांवर शिंपडल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न न्यायासनापुढे आला होता. ज्या प्रदेशात चारा छावण्या उघडाव्या लागतात, तेथे उन्हाळ्यात हिरवळ हिरवी राखण्याचा हट्ट धरणाऱ्याने यंत्र अंबाडीचे घेतले काय आणि सोन्याचे घेतले काय, फरक थोडा. उन्हाळ्यात पिवळे पडणारे आणि मृगाच्या सरीने पुन्हा उठणारे पवन्या-मारवेल वर्षातून एक-दोनदाच कापावे लागते, आणि कापलेले जनावराच्या मुखी जाते. सर्वांत सौम्य यंत्र ते, जे चालवावेच लागत नाही.

औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी मोजणारी ‘लायगो’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांत, प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढे अंतर मोजावयाचे, असे हे काम आहे. अशा उपकरणास मनुष्याच्या वर्दळीची कंपने सोसत नाहीत. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील याच जातीच्या वेधशाळेस आसपासच्या रानातील लाकूडतोडीचाही उपद्रव झाला होता. जागा निवडताना निवांत भूमी शोधावी लागते. आणि आपल्या माळांची ही निवांतता किती मोलाची आहे, हे आपणांस दूरच्या ताऱ्यांच्या निमित्ताने कळावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

त्या निवांत माळावरूनच विसोबांच्या गोष्टीकडे परत जावे. पाठीवरचा भार आपण रानावर ठेवला, रानावरचा खाणीवर, खाणीवरचा आकाशावर आणि आकाशावरचा पुन्हा दूर देशीच्या खाणीवर. प्रत्येक वेळी आपणांस वाटले की, पाय ठेवण्यास आता रिकामी जागा सापडली. आणि प्रत्येक वेळी पायाखाली तीच पिंड निघाली. नामदेव त्या क्षणी समजले आणि त्यांनी विसोबांस गुरू केले. आपणांस समजावयास एवढा मोठा इतिहास घडावा लागला. निदान आता तरी पाय जपून ठेवावा.